पंधरवड्याचं इंजेक्शन

माझी वहिनी लग्नात धवले म्हणायची. हळद लागते तिथपासून नवरी मांडवाबाहेर पडेपर्यंत आमच्याकडे प्रत्येक विधीचं वेगळं गाणं असतं, आणि ती सगळी क्रमानं ज्या बाईला येतात तिला धवलारीण म्हणतात. वहिनीला हे तिच्या आईकडून आलं होतं. तिचं माहेर डोळखांबच्या वर, डोंगरातल्या पाड्यावर. आमचं गाव मुरबाडच्या बाजूला. माझ्या भावासाठी मुलगी बघायला गेलेले वडील शेजारच्या घरातल्या हळदीला थांबले, आणि परत येऊन आईला म्हणाले, "पोरीचा आवाज शेतं ओलांडून जातो. भांडलीस तर सगल्या गावाला कळंल. संभाळून ऱ्हा."

त्या दोघी कधी भांडल्या नाहीत असं नाही, पण गावाला कळेल असं भांडण मला आठवत नाही.

वहिनी अंगानं भरलेली होती, खांद्यानं रुंद. भातलावणीला ओळीत सगळ्यांच्या पुढे असायची. कंबर वाकलेली, हातात रोपांची मूठ, आणि आवाज मात्र सरळ वर गेलेला. मी तेव्हा डी.एड. करत होते. सुट्टीत गावी गेले की बांधावरून चालताना ती कुठल्या शेतात आहे हे मला दिसायच्या आधी ऐकू यायचं.

भाऊ कल्याणजवळच्या एका कारखान्यात फिटर होता. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर तो आजारी पडला. आधी कावीळ झाली असं सांगितलं, मग टीबी. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात त्याचं रक्त तपासलं तेव्हा खरं काय ते कळलं, एचआयव्ही. तो फार दिवस टिकला नाही. त्याच इस्पितळात वहिनीचं आणि तिच्या छोट्या मुलीचंही रक्त घेतलं. मुलीला काही नव्हतं. वहिनीला होतं. आम्ही दोघी बाकावर बसलो होतो, समोर डॉक्टर उभे होते. त्यांनी सांगितलं, सध्या तब्येत चांगली आहे, बाहेर औषधं निघाली आहेत पण ती आपल्यासारख्यांच्या आवाक्यात नाहीत, काही त्रास झाला की या.

वहिनीनं विचारलं, "म्हंजे आत्ता काय करायचं नाय?"

"आत्ता नाही."

"मग मी घरी जाते. लावणी ऱ्हायलीय."

आणि ती खरंच गेली आणि लावणी करून टाकली. पुढची काही वर्षं तिनं तशीच काढली. मला शहापूरला शाळेत नोकरी लागली, लग्न झालं, मी तिथेच खोली घेऊन राहू लागले. वडील वारले. गावचं घर आई, वहिनी आणि पुतणी अशा तिघींचं झालं.

गावाला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण कळल्याशिवाय राहिलंही नाही. लग्नाची बोलावणी हळूहळू थांबली. कुणी तोंडावर वाईट बोललं नाही. हळदीला शेजारच्या गावातल्या म्हाताऱ्या धवलारणीला बोलावलं जायचं, आणि वहिनी कुणाच्या घरी गेली तर चहा वेगळ्या कपातून यायचा. तो कप नंतर विसळला जायचा नाही, कुंपणाशी पालथा पडलेला दिसायचा. वहिनी चहा प्यायची, कप स्वतःच नेऊन तिथे ठेवायची आणि म्हणायची, "येते हा." मला राग यायचा. ती म्हणायची, "बाय, ते घाबरतात गो. मी पन घाबरले व्हते." ती मला बायच म्हणायची, पहिल्या दिवसापासून.

दोन हजार सालाच्या आसपास तिला ताप यायला लागला. खोकला, रात्रीचा घाम, मग अंथरूण. टीबी निघाला. त्याचं औषध सरकारी दवाखान्यातून मिळालं, ते तिनं न चुकता घेतलं. तोवर एचआयव्हीच्या गोळ्या आपल्याकडेही बनायला लागल्या होत्या. शहापूरच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी आम्हाला कल्याणला एका डॉक्टरबाईंकडे पाठवलं. त्या याच आजाराचं काम करायच्या, आणि त्यांच्या ओळखीनं एका संस्थेकडून गोळ्यांची सोयही झाली. सकाळ-संध्याकाळ गोळी. ताप गेला. खोकला गेला. तोंडातले पांढरे चट्टे गेले.

पण अंगावर मांस आलं नाही. मुरबाडहून एस.टी.नं कल्याणला जायचं तर तिला गाडीची पायरी चढवत नव्हती. मी मागून आधार द्यायची तेव्हा हाताला नुसती हाडं लागायची. बांगड्या कोपरापर्यंत वर सरकायच्या. हंडा कमरेवर घेताना ती एकदा हंड्यासकट खाली बसली आणि उठलीच नाही, बसूनच राहिली. त्या पावसाळ्यात पहिल्यांदा आमच्या शेतात लावणी चालू असताना ती बांधावर बसली होती. मी शाळेला रजा टाकून गेले होते. तिच्या डोळ्यांत पाणीबिणी काही नव्हतं. आवणाच्या रोपांच्या मुठी एकीकडून दुसरीकडे देण्याइतकं तरी करावं म्हणून ती वाकली आणि तोल जाऊन चिखलात हात टेकले. उठून बसल्यावर मला म्हणाली, "बाय, आजार गेला म्हनतात. मग माझं अंग कुठं गेलं?"

हाच प्रश्न तिनं पुढच्या खेपेला डॉक्टरबाईंना विचारला, याच शब्दांत.

डॉक्टरबाई पन्नाशीच्या होत्या, बोलायला मोकळ्या. वहिनीचं वजन घेतलं, दंडाभोवती पट्टी लावून घेर मोजला, रिपोर्ट पाहिले. मग खुर्ची पुढे ओढून बसल्या.

"गोळ्या काम करताहेत," त्या म्हणाल्या. "आजार दबलाय. पण इतक्या लांबलेल्या दुखण्यात शरीर स्वतःचंच मांस खाऊन जगतं. आणि मांस पुन्हा बांधायला शरीरात जी हार्मोन्स लागतात तीही अशा दुखण्यात कमी पडतात. बाईमाणसाच्या अंगातसुद्धा. म्हणून नुसतं खाऊन भरून येत नाही."

"मग?"

"एक इंजेक्शन आहे. ते पुरुषी हार्मोनच्या जातीचं आहे. तालमीतली काही पोरं दंड फुगवायला चोरून घेतात ना, त्यातलंच. तुम्हाला अगदी थोड्या मात्रेत, पंधरवड्यातून एकदा, आणि फार तर वर्षभर."

वहिनीला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं. "म्हंजे मना पैलवान करनार."

"पैलवान नाही, पण हंडा उचलाल. मात्र नीट ऐका. ह्यानं एचआयव्ही जात नाही. गोळ्या चुकवायच्या नाहीत, हे इंजेक्शन त्यांच्या जोडीला आहे, त्यांच्या जागी नाही. आणि इंजेक्शन घेऊन निजून राहाल तर उपयोग शून्य. अंगाला जोर लागेल असं काम रोज करायचं, आणि अंडी, डाळ, मासे पोटात जायला हवेत." मग त्यांनी एकेक करून धोके सांगितले. पाळी बदलू शकते. चेहऱ्यावर लव येऊ शकते, पुरळ येऊ शकतं. यकृतावर ताण येतो, म्हणून रक्त तपासत राहावं लागेल. "आणि आवाज," त्या म्हणाल्या. "घसा बसल्यासारखा वाटला, आवाज जाडा झाला, तर त्याच दिवशी मला कळवायचं. बाकीचं बहुतेक सगळं औषध थांबवलं की मागे हटतं. आवाज एकदा उतरला तर परत येईलच असं नाही."

मी बोलायला तोंड उघडलं. वहिनीनं टेबलाखाली माझं मनगट धरलं. तिच्या बोटांत तेव्हा ताकद अशी नव्हतीच, पण मी गप्प राहिले. बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "आवाजाचं मी बघून घेईन." तिचं अंग होतं आणि तिचा आवाज होता. त्यावर मी काय बोलणार?

पहिलं इंजेक्शन कल्याणलाच झालं. पुढची शहापूरच्या डॉक्टरांकडे. औषध तेलासारखं दाट असायचं. नर्स ते आधी तळहातात धरून कोमट करायची आणि कमरेखाली हळूहळू द्यायची. वहिनी इंजेक्शनच्या दिवशी माझ्याकडे जेवायला थांबायची. एका अंगावर कलून बसून जेवायची, कारण दुसरी बाजू दुखत असायची.

आमच्या आईला हे सगळं फारसं पटलं नव्हतं. "बाप्याचं औषध बाईला?" तिनं मला विचारलं. "मिशा आल्या म्हंजे?"

वहिनी चुलीजवळून म्हणाली, "आल्या तं आल्या. घरात एक बाप्या व्हईल. नायतरी कोन हाय?"

आई आधी गोरीमोरी झाली, मग हसत सुटली. इतकी हसली की तिला ठसका लागला. भाऊ गेल्यानंतर त्या घरात असं हसणं मी ऐकलं नव्हतं.

जोराचं काम म्हणून काय करायचं, हा प्रश्न वहिनीनं स्वतःच सोडवला. भात गिरणीवर जायला लागल्यापासून घरातलं उखळ कोपऱ्यात पडून होतं. ते तिनं पुतणीच्या मदतीनं ओटीवर ओढलं आणि मुसळ घेऊन कांडायला बसली. पहिल्या दिवशी मुसळ दोनचारदा वर गेलं असेल. खाली ठेवून ती भिंतीला टेकली आणि हातांकडे बघत बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आईनं दोन कोंबड्या जास्त पाळल्या. आधी जी अंडी बाजाराला जात होती ती आता वहिनीसमोर यायची. तिला अंड्याचा वास सहन व्हायचा नाही, तरी नाक दाबून खायची. आई समोर बसून ती संपेपर्यंत उठायची नाही. मला नेहमी वाटत आलंय की त्या इंजेक्शनानं जेवढं केलं तेवढंच त्या समोर बसण्यानं केलं.

बदल आधी पुतणीच्या लक्षात आला. मी गावी गेले तेव्हा तिनं मला ओटीवर नेऊन आपल्या आईचा दंड दाखवला. "आत्या, हात लाव." मी लावला. खाली काहीतरी होतं. हाडावर बसलेलं, घट्ट. वहिनी लाजली आणि पदर ओढून घेतला. मग तिचं वजन वाढत गेलं, बांगड्या मनगटावर थांबायला लागल्या, ती उभ्यानं कांडायला लागली. डॉक्टरबाईंनी पट्टी पुन्हा दंडाभोवती लावली आणि चष्मा काढून ठेवला. "काय करताय तुम्ही?" त्यांनी विचारलं. वहिनीनं मुसळाचं सांगितलं. डॉक्टरबाईंनी उठून मुसळ कसं धरतात, किती जड असतं, सगळं विचारून घेतलं. पुढे त्या इतर बायकांनाही ते सांगू लागल्या, असं त्यांच्याच तोंडून कळलं.

पुढच्या लावणीला वहिनी चिखलात उतरली. ओळीत पहिली नव्हती, मधे कुठेतरी होती, आणि दुपारी थांबली. पण बांधावर नव्हती. मजुरीला आलेल्या बायका तिच्या दोन्ही बाजूंना होत्या. त्यांनी गाणं धरलं. वहिनी गायली नाही. दम राखतेय, असं मला वाटलं.

त्याचं खरं कारण मला काही दिवसांनी कळलं, तेही टेलिफोनवर. शाळेत माझ्यासाठी फोन आला. गावच्या पी.सी.ओ.वरून कुणीतरी पुरुष बोलत होता, आईचा गुडघा सुजलाय, येताना मलम आण. मी विचारलं, "कोण बोलतंय?"

पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज आला. मग, "मी गो, बाय."

मी त्याच आठवड्यात गेले. ती अंगणात रोपांच्या पेंढ्या सोडवत होती. मी समोर बसले आणि म्हणाले, "वयनी, एक धवला म्हण."

"आत्ता? कोनाचं लगीन हाय?"

"म्हण."

तिनं हातातलं काम खाली ठेवलं. हळदीच्या वेळचं पहिलं गाणं सुरू केलं. पहिली ओळ जिथे वर चढते तिथे आवाज चढला नाही. फाटला, खरखरला आणि खाली आला. ती थांबली. पुन्हा कामाला लागली.

"कधीपासून?"

"झाले थोडे दिवस."

"डॉक्टरबाईंनी त्याच दिवशी सांगायला सांगितलं होतं."

"मना ठावं हाय काय सांगितलेलं."

"मग?"

तिनं हात पुढे केले, चिखलानं भरलेले. "बाय, हे बग. हे हात वर्षभर माझे नव्हते. आता आलेत. पोरगी अजून शाळेत हाय. आई थकलीय. आवाज माझा एकटीचा, बोलवतंय कोन मना गायला? हातांची गरज सगल्यांना हाय." मग थोडं थांबून, "आवाज जाईल हे कलत व्हतं मना. जीव नाय जात ना त्यानं? मग जाऊ दे म्हटलं."

मी तिच्याशी वाद घातला नाही. फक्त म्हटलं की पुढच्या तारखेला मी बरोबर येणार आणि बोलणार तू. ती हो म्हणाली.

ते बोलायची वेळच आली नाही. कल्याणला आत गेल्यावर डॉक्टरबाईंनी विचारलं, "बऱ्या आहात?" वहिनी म्हणाली, "हो." डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं.

"पुन्हा बोला."

"काय बोलू?"

"कळलं," त्या म्हणाल्या. त्यांनी घसा तपासला, मग मला विचारलं की आधीचा आवाज कसा होता. मी सांगून टाकलं, ती लग्नात गायची, धवलारीण होती.

डॉक्टरबाईंचा चेहरा उतरला. त्या रागावल्या नाहीत. "हे मला का नाही सांगितलंत?"

वहिनी म्हणाली, "सांगितलं असतं तं दिलं असतंत?"

"विचार केला असता."

"म्हनून नाय सांगितलं. विचार केला असतात तं नसतं दिलंत."

मग डॉक्टरबाई म्हणाल्या की इंजेक्शन आजपासून बंद. वहिनीनं हात जोडले, निदान भाताची कापणी होईपर्यंत तरी द्या म्हणाली. डॉक्टरबाईंनी मान हलवली. "आणखी दिलं तर आवाज आणखी उतरेल, आणि यकृताचा रिपोर्टही मला पहिल्यासारखा आवडत नाही. आता जे अंगावर आलंय ते तुम्ही कमावलंय. ते टिकवणं तुमच्या हातात आहे. मुसळ बंद करू नका." निघताना त्या आम्हाला दारापर्यंत सोडायला आल्या. दुसऱ्या कुठल्याच पेशंटसाठी त्यांना उठताना मी पाहिलं नव्हतं.

इंजेक्शन थांबल्यावर मांस पुन्हा वितळून जाईल, ही भीती आम्हा सगळ्यांना होती. वहिनी सकाळ-संध्याकाळ कांडू लागली. थोडं वजन उतरलं. मग उतरायचं थांबलं. बाकीचं राहिलं. तिनं कापणी केली, भारे वाहिले, झोडणीही केली. आवाज मात्र परत आला नाही. वर्षभर वाट पाहिली, मग कुणी त्याबद्दल बोलेनासं झालं.

त्यानंतरच्या एका उन्हाळ्यात आमच्या समोरच्या घरी मुलीचं लग्न निघालं. ती शेजारच्या गावची म्हातारी धवलारीण तेव्हा लेकीकडे जाऊन राहिली होती, डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. दोन तरुण बायका होत्या, त्यांना सुरुवातीची गाणी यायची, पण पुढचा क्रम लागत नव्हता. हळदीच्या दिवशी सकाळी समोरच्या काकी आमच्याकडे आल्या. मी उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथेच होते. काकी वहिनीशी न बोलता आईशी बोलत होत्या.

"तुमची सून येईल काय?"

आई म्हणाली, "ती बसलीय ना तिथं. तिला इचारा."

काकींनी वळून वहिनीकडे पाहिलं. वहिनी उठून उभी राहिली. "काकी, माझा पयला आवाज ऱ्हायला नाय. आता हाय तो असा. बाप्यासारखा. तुमाला चालत असंल तं येते."

"ये गो," काकी म्हणाल्या. "गानी तं तीच हायेत ना?"

मांडवात बायका दाटीनं बसल्या होत्या. नवरीला पाटावर बसवलं होतं, हळद वाटून तयार होती. वहिनी त्या दोन तरुण बायकांच्या मधे बसली. तिनं सुरुवात केली तेव्हा मागून कुणीतरी फिसकन हसलं, आणि एक बाई पुरती ऐकू जाईल अशी म्हणाली, "बाप्या गातोय काय?" वहिनीनं डोळे मिटले नाहीत की आवाज चोरला नाही. तिनं गाणं खालच्या पट्टीत धरलं होतं. शेजारच्या दोघींना आधी जमेना. त्या सवयीनं वर जायच्या आणि एकट्या पडायच्या. मग त्या तिच्यापाशी खाली आल्या. पूर्वी वहिनी गायली की ऐकणाऱ्याची मान वर व्हायची. आता बायका पुढे वाकून ऐकत होत्या. शब्द न् शब्द कळत होता. पूर्वी त्या उंच आवाजात मला कधी कळले नव्हते ते शब्दसुद्धा. नवरीची आई हळद लावताना रडायला लागली ती थांबेना. हसणारी बाई केव्हाच गप्प झाली होती.

वहिनी एकही गाणं न गाळता शेवटपर्यंत गायली. मला खरं सांगायचं तर पहिला आवाज जास्त सुंदर होता. त्याच्या जागी हा आवाज आला हे चांगलं झालं, असं मी म्हणणार नाही. पण ज्या बाईनं त्याची किंमत जाणून मोजली होती ती तो न लपवता भर मांडवात घेऊन बसली होती, आणि तिच्याइतकं धाडस मी दुसऱ्या कुणात पाहिलेलं नाही. जेवणं वाढली तेव्हा काकींनी तिला पंगतीत मधे बसवलं, सगळ्यांसारखीच पत्रावळ, सगळ्यांसारखाच पेला. वहिनी जेवली आणि सवयीनं आपला पेला उचलून कुंपणाकडे निघाली. काकींनी तो तिच्या हातातून काढून घेतला आणि बाकीच्या पेल्यांच्या ढिगात टाकला.

पुढे सरकारकडून गोळ्या फुकट मिळायला लागल्या. त्या दवाखान्यात महिन्याची रांग असायची, आणि रांगेत वहिनी सगळ्यांशी बोलायची. तिथेच तिला मुरबाडकडचा एक दुकानदार भेटला. तिशीचा, शर्टाच्या बाह्या दंडावर ताणलेल्या. मीही त्या दिवशी बरोबर होते. तो सांगत होता की त्यानं गोळ्या सोडल्यात, त्यांनी मळमळतं. कुणा ओळखीच्याकडून तो इंजेक्शनं घेतो, हार्मोनची, दर आठवड्याला. आज फक्त बायकोच्या आग्रहाखातर आलाय. "माझ्याकडे बघून कुणी आजारी म्हणेल काय, मावशी?"

वहिनीनं विचारलं, "माझा आवाज आयकलात?"

तो गडबडला. "हो... म्हणजे, सर्दी आहे वाटतं."

"सर्दी नाय. त्याच इंजेक्शनाचा आवाज हाय हा. मी बाई हाय म्हनून तुमाला आयकू येतो. तुमच्यात आत काय बदललंय ते आयकू येत नाय, एवढंच." ती पुढे म्हणाली, "मना डॉक्टरनी मोजून दिलं, रगत तपासून दिलं, गोल्यांच्या जोडीला दिलं, आनि वेल आली तवा थांबवलं. म्हनून मी हितं बसलीय. तुमाला कोन थांबवनार? त्यानं नुसतं मांस वाढतं, दादा. आजाराला ते हात पन लावत नाय."

"मळमळतं त्याचं काय करू?"

"ते आत जाऊन डॉक्टरला सांगा. मना सांगून काय उपेग? चला, मी येते."

आणि ती त्याला घेऊन आत गेली. त्याच्या यकृताला सूज होती. रक्तातल्या, आजाराशी लढणाऱ्या पेशी फार कमी झाल्या होत्या. डॉक्टरांनी गोळी बदलली, मळमळ थांबली. स्वतःच्या मनानं इंजेक्शनं घेत राहिल्यामुळे त्याच्या शरीरानं ते हार्मोन बनवणंच जवळजवळ सोडलं होतं. त्यामुळे यकृत सावरल्यावर त्यालाही काही काळ ते थोड्या मात्रेत, तपासण्या करत करत द्यावं लागलं. दंड बारीक झाले म्हणून तो आधी फार चिडचिड करायचा. पण गोळी त्यानं पुन्हा सोडली नाही. रांगेत वहिनी दिसली की तिच्यासाठी जागा धरून ठेवायचा.

त्या दशकाच्या शेवटी आई पडली आणि तिचं कंबरेचं हाड मोडलं. तिला शहापूरला माझ्याकडे ठेवावं असा माझा आग्रह होता. आई आली नाही, आणि वहिनीनंही सोडलं नाही. ते शेवटचं वर्ष वहिनी रोज सकाळी तिला अंथरुणावरून दोन्ही हातांनी उचलायची, अंगणात उन्हात आणून बसवायची, न्हाऊ घालायची, दुपारी परत आत न्यायची. मी गेले की मदतीला पुढे व्हायची, तर ती म्हणायची, "तू सर, बाय. तुला नाय जमनार." खरंच जमत नव्हतं. मी आईच्या खांद्यालाच धरायची आणि आईला दुखायचं. वहिनी एक हात पाठीखाली आणि एक गुडघ्यांखाली घालून तिला असं उचलायची की आईचं बोलणं मधे तुटायचंसुद्धा नाही.

आई तिच्या हातांतच गेली, सकाळच्या उन्हात, न्हाणं झाल्यावर. वहिनीनं तिला एकटीनं उचलून आत नेलं आणि मग मला फोन करायला पुतणीला पाठवलं.